गॅप का पडला?

माझ्या आजीची एक पक्की समजूत होती. डॉक्टरकीला घेताना मुंबईत एका लांबलचक टेबलामागे पाच-सहा मोठे डॉक्टर बसतात, पोरीला समोर उभं करतात आणि विचारतात, "का गं, तुला डॉक्टर का व्हायचंय?" उत्तर पटलं तर घेतात, नाहीतर घरी पाठवतात. ही समजूत तिच्या डोक्यात कुठून आली देव जाणे. पण मी अकरावीला लातूरला जाणार त्याच्या आदल्या रात्री तिने मला ओट्यावर बसवून उत्तर घोकून घेतलं. उत्तर तिनेच रचलेलं. एका आषाढीला आमच्या दुकानासमोर एक म्हातारी वारकरीण चक्कर येऊन पडली, तिला उचलून मी दवाखान्यात नेलं, तिथेच ठरवलं, वगैरे. खरं तर उचललं होतं माझ्या काकांनी. मी तिचं गाठोडं धरलं होतं.

"तेवढं कोण इचारतंय," आजी म्हणाली.

कुणी विचारलं नाही हे खरंच. ना तेवढं, ना काही. परीक्षेच्या फॉर्मपासून एमबीबीएसच्या वर्गात बसेपर्यंत माणसाने तोंडाने मला विचारलेला प्रश्न एकच होता. तो पुढे येईल.

आमचं दुकान पंढरपुरात, प्रदक्षिणा मार्गावर. बुक्का, अष्टगंध, गोपीचंदन, तुळशीच्या माळा, टाळ. वर्षाची कमाई चार वाऱ्यांची, त्यातली निम्मी एकट्या आषाढीची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे वारी आणि प्रवेशाचं वेळापत्रक एकमेकांवर आदळणार आहेत.

वैद्यकीय प्रवेशाची देशभरातली परीक्षा, नीट, मी पहिल्यांदा दिली ७ मे २०२३ ला. ७२० पैकी ५२१. देशात लाखाच्या आसपास नंबर. बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीडीएस (दातांचं) मिळालं असतं, सरकारी एमबीबीएस नाही. लातूरच्या खोलीवर माझ्या शेजारच्या कॉटवरची मुलगी ६०१ वर गेली, तिचा नंबर तीस हजारांच्या आत होता आणि ती आरामात सरकारी कॉलेजात लागली. क्लासचे सर म्हणाले, "गॅप घे. तुझे ऐंशी मार्क कुठे गेले ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे." ते गेले होते फिजिक्समध्ये. वडिलांनी, आमच्या आण्णांनी, हिशोबाची वही मिटली आणि म्हणाले, "एक वर्ष." ते एक वर्ष कसं गेलं ते सांगण्यासारखं नाही. रिपीटर बॅच, मेसचा डबा, दर रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर रँक. ज्यांनी केलंय त्यांना कळेल.

ज्यांच्या घरात हे झालेलं नाही त्यांना एवढंच सांगते की बारावीच्या मार्कांचा आता प्रवेशाशी संबंध फक्त पात्रतेपुरता आहे. तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीवला ४० टक्के, की तुमचं बारावीचं काम संपलं. बाकी सगळं नीटच्या ७२० मार्कांवर. त्यात जीवशास्त्राचे ३६०, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे १८०-१८०. बरोबर उत्तराला चार, चुकीच्याला उणे एक. २०२० पासून एम्सची वेगळी परीक्षाही गेली, तेव्हापासून सगळ्यांना दार एकच. आमच्या गल्लीतले डॉक्टर बारावीच्या मार्कांवर लागलेले. ते म्हणतात, त्यांच्या वेळी बोर्डाचा एक पेपर वाईट गेला की आयुष्य बदलायचं. मग राज्याची वेगळी प्रवेश परीक्षा, सीईटी, आली. मग नीट आली, २०१३ ला एकदा होऊन कोर्टात रद्द झाली आणि २०१६ ला कोर्टानेच परत आणली. डॉक्टरांचं म्हणणं असं की पेपराचं नाव बदलतं, रात्री तीच राहते.

दुसऱ्यांदा परीक्षा होती ५ मे २०२४ ला. सेंटर सोलापूरला. मे महिन्यातलं सोलापूर म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. दीडला गेट बंद, दोन ते पाच-वीस पेपर. अर्ध्या बाह्यांचा ड्रेस, पायात स्लीपर, पाण्याची बाटली पारदर्शक, पेनसुद्धा आतच मिळणार. तपासणीच्या टेबलावर बाईंनी माझ्या नाकाकडे बोट केलं. चमकी. ती मी सातवीत असताना आजीने सोनाराकडून घालून आणलेली, तेव्हापासून निघालेली नव्हती. बाईंनीच कुणाकडून तरी साबणाचा तुकडा आणवला. वर्षभर घोकलेलं सगळं डोक्यात आणि मी नळाखाली नाक धरून उभी. चमकी निघाली, थोडं रक्तही आलं. आईने गेटच्या जाळीतून ती मुठीत घेतली आणि लिंबाच्या सावलीत शंभर आयांमध्ये जाऊन बसली.

आता त्या एका प्रश्नाबद्दल बोलायलाच हवं, नाहीतर माझी गोष्ट कळणार नाही.

फिजिक्समध्ये दोन विधानांचा एक प्रश्न होता. पहिलं विधान: अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतात, कारण त्यांत धन आणि ऋण प्रभार सारखेच असतात. दुसरं: प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वर्णपट देतात. दोन्ही बरोबर, का पहिलं बरोबर आणि दुसरं चूक? मी एनसीईआरटीचं, म्हणजे केंद्राचं, पाठ्यपुस्तक वापरत होते ते माझ्या मावसभावाचं, जुनं, त्याच्या पेन्सिलच्या खुणांसकट. त्यात वाक्य जवळजवळ असंच होतं: प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर. मी "दोन्ही बरोबर" केलं आणि पुढे गेले. दहा सेकंदसुद्धा लागले नसतील. नव्या आवृत्तीत "प्रत्येक" च्या जागी "बहुतेक" झालं होतं. किरणोत्सारी मूलद्रव्यं असतातच की, त्यामुळे बरोबर तेच आहे. पण नवं पुस्तक घ्यायला मला कुणी सांगितलं नव्हतं आणि जुनं फुकट होतं.

निकाल १४ जूनला लागणार असं सगळे धरून होते. तो लागला ४ जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी. अख्खा बाजार टीव्हीपुढे. काकांच्या मोबाइलवर माझा आकडा आला: ६३९. आण्णांनी पेढे आणायला माणूस पाठवला. शेजारच्या हारवाल्याला वाटलं आमचा उमेदवार पुढे आहे.

संध्याकाळी नंबर नीट बघितला आणि पेढा घशात अडकला. ६३९ ला देशात चाळीस हजारांच्या आसपास. आदल्या वर्षी ६०१ ला तीस हजारांच्या आत होता. म्हणजे मी तिच्यापेक्षा अडतीस मार्क जास्त घेऊन दहा हजारांनी मागे. त्या वर्षी पैकीच्या पैकी मिळवणारे ६७ जण होते, आदल्या वर्षी दोन. १५६३ जणांना वेळ कमी पडला म्हणून वाढीव गुण दिलेले, ते पुढे रद्द झाले आणि २३ जूनला त्यांची फेरपरीक्षा झाली. पेपरफुटीच्या तपासाचा धागा लातूरपर्यंत आला. त्या महिन्यात "लातूरला शिकते" म्हटलं की लोक क्षणभर थांबून माझ्याकडे बघायचे. मी खरंच अभ्यास केलाय, हे कुणाला आणि कसं सांगायचं?

मग सुप्रीम कोर्ट. फेरपरीक्षा होणार की नाही या चिंतेत जून-जुलै गेला. अर्धे मित्र पुन्हा पुस्तक उघडून बसलेले, अर्धे नाही. आणि त्या सुनावणीत माझा अणू निघाला! परीक्षा घेणाऱ्या एजन्सीने त्या प्रश्नाची दोन उत्तरं धरली होती, नव्या पुस्तकाचंही आणि जुन्याचंही. कुणीतरी कोर्टात म्हणालं की दोन बरोबर कशी असतील. कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारलं. त्यांनी एका दिवसात उत्तर दिलं: बरोबर उत्तर एकच, नवं. देशभरात चार लाखांहून जास्त पोरांनी जुनं लिहिलं होतं, त्यांत मी. २३ जुलैला फेरपरीक्षा नाही असा निकाल आला, २६ जुलैला सुधारित यादी आली. ६७ चे १७ झाले. माझे चार गेले आणि वर उणे एक. ६३४.

आजीला हे समजावायला अर्धा तास लागला. शेवटी ती म्हणाली, "म्हंजी पुस्तक जुनं म्हनून पाच मार्क कापले? मग आमचं समदंच जुनं."

कागदांचं आमच्याकडे बरं चाललं होतं असं आम्हाला वाटत होतं. जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी, अकरावीतच झाली होती. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, तो माझ्या पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा. पणजोबा दोन वर्षं शाळेत गेले आणि सुटले, पण ती दोन वर्षं त्यांच्या पणतीला उपयोगी पडली. काकांची व्हॅलिडिटी आधी झालेली, त्यामुळे आमचं प्रकरण लवकर निघालं. अधिवास दाखला होता. उत्पन्नाचा होता. गॅपचं प्रतिज्ञापत्र शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करून घेतलं: "या कालावधीत मी कोठेही प्रवेश घेतलेला नाही, घरी राहून परीक्षेची तयारी करीत होते." मेडिकल फिटनेस गल्लीतल्या डॉक्टरांनी दिलं. त्यांनी छाती तपासली, डोळे बघितले, सही केली आणि फी घेतली नाही. "आता आपण एका धंद्यातले," म्हणाले.

राहिलं नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घर सधन नसल्याचा ओबीसीला लागणारा दाखला. ते फाइलमध्ये होतं, लॅमिनेशन केलेलं, म्हणून कुणी तारीख बघितली नाही. मीही नाही. वैधता ३१ मार्च २०२४ पर्यंत. प्रवेशाला लागतं ३१ मार्च २०२५ पर्यंतचं. हे कळलं जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आणि आषाढी एकादशी होती १७ जुलैला. पंढरपुरात आषाढीच्या आधीच्या आठवड्यात कचेरीत कागदासाठी जाणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत वाढप्याला घरचा पत्ता विचारणं. सगळे साहेब दर्शनरांग, पाणी, शौचालयं, वाळवंट यांच्या मागे. त्यांचं काही चुकत नव्हतं, दहा लाख माणूस गावात येतो. आण्णा दुकान सोडून हलू शकत नव्हते. मी आणि आई महा-ई-सेवा केंद्रात जाऊन अर्ज भरून आलो आणि रोज मोबाइलवर स्थिती बघत बसलो. दिवसा मी दुकानात बुक्क्याच्या पुड्या बांधत होते. बुक्क्याने काळी झालेली बोटं स्क्रीनवर फिरवायची, पुन्हा तेच: प्रलंबित. पौर्णिमेला काला झाला, वारकरी परतले, दोन दिवसांनी दाखल्यावर डिजिटल सही पडली. केंद्राच्या यादीतल्या ओबीसीचा दाखला वेगळा, त्याचा नमुना वेगळा, तोही तेव्हाच आला.

प्रवेश दोन ठिकाणी होतात. देशभरातल्या सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के जागा दिल्लीची समिती भरते, उरलेल्या ८५ टक्के आपल्याकडे राज्याचा सीईटी सेल. नीटचा निकाल लागला म्हणजे आपोआप दोन्हीकडे नाव जातं असं समजणारे पालक मी डोळ्यांनी पाहिलेत, त्यांतले एक तर हायस्कूलचे हेडमास्तर. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी लागते. मी दिल्लीला पाचशे रुपये फी आणि पाच हजार अनामत भरली. तिथे काही होणार नाही हे नंबरवरून दिसत होतं, तरी भरली. अशा वेळी माणूस सगळ्याच देवांना नारळ फोडतो.

मग पसंतीक्रम. कॉलेजांची यादी आवडीच्या क्रमाने भरायची. या एका फॉर्मवर कितीतरी लोकांचं घर चालतं हे मला तेव्हा कळलं. एका "काउन्सेलर"ने आमच्याकडे पंचवीस हजार मागितले. वर त्याने आण्णांना सांगितलं की मोठी कॉलेजं वर टाकली आणि ती मिळाली नाहीत तर खालचीही हातची जातात. हे साफ खोटं आहे. यादी गुणवत्तेनुसार वरून खाली चालते. तुमचा नंबर आला की तुमच्या पसंतीतलं पहिलं जे शिल्लक असेल ते तुम्हाला. त्यामुळे जे जास्त हवं ते वर, एवढंच शहाणपण पुरतं. मी मुंबईचं केईएम एक नंबरला टाकलं. मिळणार नव्हतं. पण टाकायला पैसे पडत नव्हते आणि आजीच्या त्या टेबलाच्या जवळात जवळ मी तेवढीच गेले. मग मुंबईचंच जेजे, पुण्याचं बीजे, सोलापूर, मिरज, लातूर, अंबाजोगाई, धाराशिव, मग विदर्भ, मग खाजगी.

सेवाग्राम टाकताना सरांचं एक बोलणं आठवलं. गांधीजींच्या आश्रमाशेजारच्या त्या कॉलेजची नीटच्या आधी स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि त्यात गांधीविचारावर वेगळा पेपर असायचा. म्हणजे कुठेतरी, कधीतरी, जीवशास्त्र सोडून दुसरं काही विचारलं जात होतं. अजून एक जागा आहे, पुण्याचं लष्करी वैद्यकीय महाविद्यालय. आमच्या बॅचमधल्या एकाला तिथे बोलावणं आलं. नीटच्या मार्कांवर बोलावतात, पण तिथे गेल्यावर इंग्रजी आणि तर्काची परीक्षा, मानसिक चाचणी, शिवाय पन्नास मार्कांची मुलाखत. मुलींना जागा इतक्या थोड्या की माझ्या मार्कांत विचार करायचंही कारण नव्हतं. तो परत आल्यावर आम्ही त्याला घेरलं. काय विचारलं? "सैन्यात का यायचंय असं विचारलं." आणि तू काय म्हणालास? "मी म्हटलं, सर, मला वर्दी आवडते. मग त्यांनी विचारलं, अजून काय आवडतं. तिथे मी अडकलो."

मी रात्री विचार केला की मला असं विचारलं असतं तर? आजीचं गाठोड्याचं उत्तर? मराठी माध्यमातून आलेली मी, समोर पाच इंग्रजी चष्मे. मी तिथेच गार झाले असते. पुण्या-मुंबईची मुलं, ज्यांच्या घरात जेवणाच्या टेबलावर डॉक्टर बसतात, ती छान बोलली असती. आकड्याला मी कुणाची कोण ते माहीत नव्हतं. प्रदक्षिणा मार्गावरच्या बुक्केवाल्याची पोर आणि मुंबईच्या सर्जनचा मुलगा, दोघांची गोल रंगवायची उत्तरपत्रिका एकाच यंत्रातून गेली. याचं मला अजूनही बरं वाटतं. त्याच यंत्राला माझं पुस्तक जुनं आहे, हेही माहीत नव्हतं. लातूरच्या दोन-तीन वर्षांना आण्णांनी किती कर्ज काढलं तेही नव्हतं. आणि आमच्याच बॅचमधल्या एका हुशार मुलाला रक्त बघून घेरी येते, तो आता एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हे तर त्याच्या आईलाही माहीत नाही.

ऑगस्ट संपता संपता पहिली यादी आली. ही यादी म्हणजे एक अजस्र पीडीएफ. राज्याचा क्रमांक, देशाचा क्रमांक, नाव, प्रवर्ग, कॉलेज. हजारो नावं सरकवत सरकवत आपलं शोधायचं. कितीतरी नावांपुढे "चॉईस नॉट अव्हेलेबल". माझ्यापुढे एका खाजगी कॉलेजचं नाव. एमबीबीएस! आई रडली, आण्णा हसले आणि मग दोघांनी एकदम विचारलं, "फी?"

खाजगीची फी वर्षाला सात-आठ लाखांपासून पंधरापर्यंत कुठेही असते, सरकारीची दीड लाखाच्या अलीकडे-पलीकडे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी मुलींना शिक्षणशुल्क माफ, हा सरकारचा निर्णय त्याच वर्षी आला होता, त्यावर आमची सगळी भिस्त. कॉलेजच्या काउंटरवर गेलो तेव्हा तिथले साहेब म्हणाले, सरकारचे पैसे आले की बघू, आत्ता हा भाग भरा. शिवाय होस्टेल, शिवाय मेस, शिवाय एक "डिपॉझिट" ज्याचा कागद कुठे नव्हता. मी कॉलेजचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. काकांनी एक ठेव मोडली.

त्याच टेबलाच्या पुढच्या खुर्चीवर कागद तपासणारे गृहस्थ बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर. दहावी, बारावी, नीट, अधिवास, व्हॅलिडिटी, एकेक बघून बाजूला ठेवत होते. अचानक थांबले. वर बघितलं. माझ्याकडे.

"गॅप का पडला?"

तो प्रश्न हाच. माझ्या पोटात काहीतरी हललं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला, माझ्याबद्दल, काहीतरी विचारत होतं. मी सरळ उभी राहिले. "सर, पहिल्या वर्षी फिजिक्समध्ये माझे..."

"गॅप सर्टिफिकेट," ते म्हणाले आणि हात पुढे केला.

मी प्रतिज्ञापत्र दिलं. त्यांनी शिक्का मारला.

तिथे स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म असतो. तो भरला की ही जागा पक्की, पण पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. नाही भरला तर पुढच्या फेरीत वरची पसंती मिळू शकते आणि ती मिळाली की आधीची जागा आपोआप जाते, आवडो न आवडो. काउंटरवरचे साहेब तो फॉर्म भरून टाका म्हणून प्रेमाने सांगत होते. आण्णा दुकानदार. समोरचा प्रेमाने घाई करायला लागला की थांबायचं, एवढं त्यांना कळतं. नाही भरला.

गणपती तिथेच होस्टेलवर गेले. सप्टेंबरच्या शेवटी दुसरी यादी आली, माझ्यापुढे काही बदल नाही. एक ऑक्टोबरला वर्ग सुरू झाले. मी ॲनाटॉमीच्या टेबलाशी उभी राहिले, फॉर्मलिनने डोळे चुरचुरले, आणि मनात हे की इथे जीव लावायचा की नाही? त्याच सुमारास राज्यात दहा नवी सरकारी कॉलेजं आली: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ. ९ ऑक्टोबरला त्यांचं उद्घाटन झालं, मिळून ९०० जागा. दसऱ्यानंतर तिसरी यादी आली आणि मी त्या दहांपैकी एका कॉलेजात होते. कोणत्या ते सांगत नाही, कारण तिथे पहिल्या महिन्यात लायब्ररीला कपाटं होती आणि पुस्तकं यायची होती. शिवाय मला अजून बरीच वर्षं तिथेच काढायची आहेत.

पुढचे तीन दिवस मला पुन्हा जगायचे नाहीत. मूळ कागद सगळे खाजगी कॉलेजकडे. ते मिळाल्याशिवाय नवीन ठिकाणी हजर होता येत नाही, आणि हजर व्हायला मुदत. पहिल्या दिवशी सांगितलं, नो-ड्यूज, म्हणजे काही देणं नसल्याचा दाखला, आणा. होस्टेलचं, मेसचं, लायब्ररीचं, जिथून मी एकही पुस्तक घेतलं नव्हतं त्या लायब्ररीचं. दुसऱ्या दिवशी सही करणारे मीटिंगमध्ये. आण्णा त्यांच्या दाराशी स्टुलावर बसून राहिले, दुपारचं जेवणसुद्धा तिथेच, डब्यातलं. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही, फक्त उठले नाहीत. संध्याकाळी साडेपाचला कागद मिळाले. पैसे परत मिळायला पुढचा उन्हाळा उजाडला आणि त्या कागद नसलेल्या डिपॉझिटचा अजून पत्ता नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो. फाइल आण्णांनी पोटाशी धरलेली, जशी कुणी एकादशीच्या गर्दीत पाकीट धरतं.

नव्या कॉलेजचं ऑफिस जिल्हा रुग्णालयाच्याच एका मजल्यावर होतं. रंगाचा वास अजून ओला. टेबलामागे एक मॅडम, तिशीतल्या. त्यांनी बाँडचा कागद पुढे केला: एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर दहा लाख. आण्णांनी तो दोनदा वाचला आणि सही केली. मॅडम कागद मोजायला लागल्या. गॅपच्या प्रतिज्ञापत्राशी आल्या. मी श्वास धरून. त्यांनी ते उलटून ठेवलं. काही विचारलं नाही. पावतीवर लिहिलं: मूळ कागदपत्रे, एकूण १४.

बाहेर येऊन घरी फोन लावला. आजीनेच उचलला.

"घेतलं का?"

"घेतलं."

"मग? इचारलं का?"

मी काही बोलायच्या आत आण्णांनी फोन मागितला, कार्तिकीच्या मालाचं काहीतरी होतं, मुंबईहून अष्टगंधाची पेटी यायची होती. ते तेच बोलत राहिले.

कार्तिकी १२ नोव्हेंबरला होती. मला सुट्टी नव्हती. आईने फोनवर सांगितलं की दुकानात गर्दी बरी आहे आणि आजी पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या वारकऱ्यांना गोष्ट सांगतेय. मुंबईत मोठं टेबल होतं, पाच-सहा सायेब होते, त्यांनी पोरीला इचारलं का गं तुला डॉक्टर व्हायचंय, आणि पोरीने त्या म्हातारीची हकीकत सांगितली. आता त्यात म्हातारी वाचली आहे आणि गाठोडंही मीच उचललेलं आहे.